संगमरवराला लिंबू लावू नका

"अर्धं लिंबू, मीठ, खायचा सोडा आणि वरून खोबरेलाचा हात. शोभेची कुठलीही वस्तू नव्यासारखी!" हा मेसेज महिनाभर ग्रुपांवर फिरतोय. परवा तो मावशीकडे पोचला आणि तिने पुस्तकांच्या रांगेला दोन्ही टोकांना लावलेले संगमरवरी हत्ती, तिचे आवडते बुकएंड, लिंबाने घासून काढले. एकाच्या पाठीवरची चकाकी गेली. सोंडेवरून रस ओघळला तिथे पांढुरकी, खरखरीत रेघ उमटली. "अगं, डाग राहिलाय, पुन्हा घासते," म्हणाली. मावशी, तो डाग नाही गं. तिथला दगडच खाल्ला गेलाय.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे: "फेस आला की समजा मळ सुटतोय." संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. लिंबू सोड्यावर पडलं तरी तोच वायू फेसाळतो; त्या बुडबुड्यांचा मळाशी संबंध नाही. पटत नसेल तर संगमरवरी फरशीच्या स्वच्छ, गुळगुळीत तुकड्यावर लिंबाचा थेंब टाका, दहा मिनिटांनी पुसा आणि उजेडात तिरकं धरून बघा. ताजमहालाच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या २९२ कारखान्यांना 'गॅसवर या, नाहीतर हला' असं सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी बजावलं, ते धुरातून तयार होणाऱ्या आम्लाने संगमरवर खराब होतो म्हणून. तिथे धूरसुद्धा चालत नाही आणि आपण थेट रस चोळतोय! ताजवरचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप लावतं.

"सोड्याने जोर वाढतो" हेही चूक. लिंबू आणि सोडा एकमेकांना मारतात.

पितळेचं मात्र मान्य करते. निव्वळ पितळेचा काळेपणा लिंबाने, चिंचेने निघतो; लगेच धुऊन कोरडं पुसलं म्हणजे झालं. पण बरेच पितळी बुकएंड लोखंडावर मुलामा दिलेले असतात. लोहचुंबक चिकटला तर घासू नका, मुलामा जाईल आणि गंज धरेल. बिदरीवर, म्हणजे चांदीची नक्षी जडवलेल्या बिदरच्या काळ्या धातूच्या वस्तूंवर, तर लिंबू लावूच नका. तिचा काळा रंग मळ नाही. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो मुद्दाम आणलेला असतो.

लाकडाला खोबरेल लावलं की धूळ चिकटते आणि शेवटी तेल पुस्तकाच्या पुठ्ठ्यात उतरतं.

संगमरवराला कोरडं मऊ फडकं आणि नक्षीत शिरायला जुना मऊ ब्रश पुरतो. फारच मळलं तर ओलसर फडक्यावर साबणाचा एक थेंब, मग स्वच्छ ओलं फडकं आणि लगेच कोरडं. नळाखाली धरू नका, तळाला चिकटवलेलं कापड सुटतं. मावशीचा हत्ती आता पुन्हा पॉलिश करून घ्यावा लागेल. तोवर दुसऱ्याला तिने हात लावायचा नाही, असं तिला सांगून आलेय.