सुईच्या नाकाला दरवाजा फोडणारे

उंट आणि सुईच्या नाकाचा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड आत्यापर्यंत पोचला नसता तर मी गप्प बसलो असतो. पण गेल्या रविवारी तिने कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये फळ्यावर मोठा दरवाजा आणि शेजारी गुडघे टेकलेला उंट काढला. आता पोरं घरोघरी तेच सांगत फिरताहेत.

फॉरवर्डचं म्हणणं असं. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला, तेव्हा त्याच्या मनात यरुशलेमचा ‘सुईचं नाक’ नावाचा छोटा दरवाजा होता. ओझं उतरवून, गुडघ्यांवर आला की उंट आत. तात्पर्य: श्रीमंतांनी थोडं नम्र व्हावं, बाकी सगळं ठीक.

मोठ्या दरवाज्यात छोटं दार असतं, हे कबूल. आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यालाही दिंडी आहेच. पण लादलेला उंट दारात आला तर माणूस मोठा दरवाजा उघडायला लावेल, की उंटाला रांगायला शिकवेल?

फॉरवर्डसोबत ‘पुरावा’ म्हणून फिरणारा दरवाज्याचा फोटो तर विसराच. येशूच्या काळचं यरुशलेम रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केलं. आज दिसणारा तट सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधून घेतला. दरवाज्याची गोष्टही मध्ययुगातल्या बायबलच्या भाष्यकारांची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने ती आन्सेल्म या आधीच्या पंडिताच्या नावावर उतरवून घेतली. त्या नावाच्या दरवाज्याचा येशूच्या काळातला एकही पुरावा नाही.

मूळ शब्द ‘उंट नव्हे, दोरखंड’ असा होता, हा काहींचा दुसरा मुद्दा. बरं, दोरखंड तरी सुईत ओवून दाखवा.

खरा घोळ पुढे आहे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडा. हे ऐकून शिष्य थक्क होतात, विचारतात, मग तारण, म्हणजे उद्धार, होणार तरी कुणाचा? गुडघे टेकून भागत असतं तर थक्क व्हायचं कारण काय? आणि येशू त्यांना ‘अरे, तो दरवाजा’ असं सांगत नाही. माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, असं स्पष्ट सांगतो. अशक्य म्हणजे अशक्यच. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातही म्हटलंय की माणसाला स्वप्नातसुद्धा सोन्याचं खजुराचं झाड किंवा सुईच्या नाकातून जाणारा हत्ती दिसत नाही. तिकडे हत्ती, इकडे उंट; बोलायची तऱ्हा एकच.

शिवाय हे वाक्य हवेत बोललेलं नाही. नुकताच एक धनवान माणूस खिन्न होऊन निघून गेलाय. त्याला ‘नम्र हो’ असं सांगितलेलं नव्हतं. ‘असेल नसेल ते विकून गरिबांना दे’ असं सांगितलं होतं. दरवाज्याच्या गोष्टीत हे गरीबच गायब होतात, आणि पोरांना आपण शिकवतो की पैसा जागच्या जागी राहू दे, मान तेवढी वाकव.

शेवटी फॉरवर्डवाले बायबलमधल्या जकातदार जक्कयला पुढे करतात: तो श्रीमंत होता, तरी तारला. खरंय. फक्त त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं, एवढंच फॉरवर्डमधून गळलंय.