‘वर्षाला साठ स्पर्धा, सोडली की गुण कापले’ : टेनिसच्या वेळापत्रकावरच्या एका फॉरवर्डची उलटतपासणी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची टूर ‘एटीपी’ ही संघटना चालवते. तिच्या मोसमाबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात : ‘एटीपी खेळाडूंना अकरा महिन्यांत साठ स्पर्धा खेळायला लावते. एखादी सोडली की गुण कापले जातात आणि क्रमवारी कोसळते. पूर्वीचे खेळाडू कमी सामने खेळायचे म्हणून टिकायचे, आताच्यांना घाण्याला जुंपलंय. ग्रँडस्लॅमसकट सगळ्या तारखा एटीपीच ठरवते. आणि आपली पुण्याची स्पर्धा गेली ती प्रेक्षक येत नाहीत म्हणून.’

मोसम लांबलाय, ही तक्रार खरी आहे. पण दुखणं एका जागी आणि लेप भलत्याच जागी, अशी या मजकुराची गत आहे. २०२५चा मोसम पूर्ण हाताशी आहे, तेव्हा आकडे शक्यतो त्याचेच घेऊ.

साठचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात फार दम नाही. वेळापत्रकात साठेक स्पर्धा असतात हे खरं, पण त्या एकामागून एक नसतात. बऱ्याच आठवड्यांत दोन-तीन स्पर्धा एकाच वेळी वेगवेगळ्या देशांत चालू असतात. जानेवारी २०१८च्या पहिल्या आठवड्यात पुणे, दोहा आणि ब्रिस्बेन अशा तिन्ही ठिकाणी खेळ चालू होता. एक माणूस तिन्हीकडे खेळणार कसा? साठ हा आकडा सगळ्या दुकानांचा आहे, एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतला नाही.

‘सोडली की गुण कापले’ या दाव्यावर मात्र थांबायला हवं, कारण तो निम्मा खरा आहे आणि म्हणूनच जास्त पसरतो.

क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांची असते. २०२५च्या नियमाप्रमाणे खेळाडूचे १९ निकाल धरले जात : ४ ग्रँडस्लॅम, ८ सक्तीच्या मास्टर्स १००० (ग्रँडस्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धा, विजेत्याला १००० गुण), आणि बाकीच्या स्पर्धांतले सर्वोत्तम ७. वर्षअखेरच्या, अव्वल आठ जणांच्या एटीपी फायनल्सला पात्र ठरला तर ते गुण वरून. मास्टर्स एकूण नऊ आहेत, पण माँटे कार्लो २००९पासून सक्तीची नाही. मुख्य ड्रॉमध्ये (पात्रता फेरीनंतरच्या मुख्य स्पर्धेत) थेट प्रवेश मिळालेल्या खेळाडूने सक्तीची मास्टर्स टाळली तर त्या रकान्यात शून्य बसतं आणि दुसऱ्या स्पर्धेचे गुण तिथे भरता येत नाहीत. वर्षअखेर खेळाडूंना वाटल्या जाणाऱ्या बोनस निधीतल्या वाट्यालाही कात्री लागते. निम्मं खरं ते एवढंच. आधी कमावलेल्या गुणांतून दंड म्हणून कोणी काही वजा करत नाही.

मग ‘गुण वाचवायचे आहेत’ असं समालोचक म्हणतात ते काय? जुने गुण ५२ आठवड्यांनी आपोआप उतरतात. जिंकलात तरी उतरतात, घरी बसलात तरी उतरतात. कार्लोस अल्कराझने २०२४मध्ये इंडियन वेल्स जिंकली, १००० गुण. २०२५मध्ये तो तिथे उपांत्य फेरीत हरला, ४०० गुण. बातम्यांत ‘६०० गुण गमावले’ असं आलं, प्रत्यक्षात १००० मुदत संपून गेले आणि ४०० नवे आले. याची टोकाची बाजू विम्बल्डन २०२२मध्ये दिसली. रशिया-बेलारूसच्या खेळाडूंवरच्या बंदीमुळे एटीपीने त्या वर्षी विम्बल्डनला गुणच ठेवले नाहीत. नोव्हाक जोकोविच जिंकला, त्याचे २०२१चे २००० गुण उतरले, नवे शून्य आले, आणि करंडक हातात घेऊन तो तिसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर गेला.

आता शून्यांनी क्रमवारी खरंच कोसळते का, ते पाहू. अल्कराझचं २०२५ : ७१ विजय, ९ पराभव, ८ विजेतेपदं. बाद पद्धतीत माणूस एक तर स्पर्धा जिंकतो, नाही तर एकदाच हरतो, म्हणून विजेतेपदं अधिक पराभव केले की स्पर्धांची संख्या निघते. नऊपैकी एक पराभव लेव्हर कप या सांघिक स्पर्धेतला, त्याला गुण नसतात, तो सोडा. एटीपी फायनल्समध्ये साखळी असते, पण तिथेही तो फक्त अंतिम सामना हरला, म्हणून हिशेब बिघडत नाही. ८ अधिक ८, एकूण १६ स्पर्धा.

सक्तीच्या आठ मास्टर्सपैकी माद्रिद, टोरांटो आणि शांघाय या तीन तो खेळलाच नाही. गुणांची बेरीज अशी : ग्रँडस्लॅममध्ये ४००, २०००, १३०० आणि २०००, म्हणजे ५७००. सक्तीच्या मास्टर्समध्ये इंडियन वेल्स ४००, मायामी १०, रोम १०००, सिनसिनाटी १०००, पॅरिस १०, म्हणजे २४२०. बाकीच्यांत माँटे कार्लो १०००, रॉटरडॅम ५००, क्वीन्स ५००, टोकियो ५००, बार्सिलोना ३३०, दोहा १००, म्हणजे २९३०. एटीपी फायनल्सचे १०००. सगळे मिळून १२,०५०, आणि वर्षअखेर पहिला क्रमांक. ‘बाकीच्या’ सात रकान्यांपैकी त्याने सहाच भरले, सातवा कोराच राहिला. तीन शून्यं आणि एक रिकामी जागा घेऊन माणूस अव्वल येतो, तिथे ‘एक सोडली की कोसळला’ हे कुठे बसवायचं?

सवलतीही आहेत. वय ३१ झालं, टूरवर १२ वर्षं झाली, किंवा ६०० सामने पूर्ण झाले, की प्रत्येक अटीमागे एका मास्टर्सची सक्ती कमी होते. तिन्ही अटी पूर्ण झाल्या की मास्टर्सची सक्तीच उठते. जोकोविच हव्या त्या स्पर्धा निवडून खेळतो ते याच नियमाच्या आधारावर, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

(हे सगळं वरच्या खेळाडूंचं. ऐंशीव्या क्रमांकावरचा खेळाडू शून्य परवडत नाही म्हणून नाही, तर भाडं-प्रशिक्षक-फिजिओ यांचा खर्च निघत नाही म्हणून खेळतो. त्याची सक्ती नियमपुस्तकात सापडणार नाही.)

‘पूर्वी कमी सामने असायचे’ हे तर उलटंच आहे. रॉजर फेडरर २००६मध्ये ९२ जिंकला, ५ हरला : ९७ सामने. जोकोविच २००९मध्ये ७८ आणि १९ : पुन्हा ९७. राफेल नदाल २००८मध्ये ९३. अल्कराझचे २०२५मध्ये ८०, यानिक सिनरचे २०२४च्या भरात ७९. शिवाय २००६पर्यंत मास्टर्सच्या बहुतेक अंतिम सामन्यांना पाच सेट असायचे. मे २००६मध्ये रोमचा अंतिम सामना नदाल आणि फेडरर पाच तासांहून जास्त खेळले, निकाल पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये लागला आणि पुढच्याच आठवड्यातल्या हॅम्बुर्ग मास्टर्समधून दोघांनीही माघार घेतली. आयोजकांच्या हातात पोस्टर राहिलं, खेळाडू गेले. त्यानंतर २००७मध्ये मास्टर्सचे जवळपास सगळे अंतिम सामने तीन सेटांवर आले.

मग सामने घटले असताना खेळाडू दमलो असं का म्हणतात? कारण वाढलेत ते दिवस. फरक बघायचा तर अल्कराझच्याच दोन स्पर्धा शेजारी ठेवा. माँटे कार्लो अजून जुन्या पद्धतीची आहे : ५६ खेळाडू, आठ मानांकितांना पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढे चाल), विजेत्याला पाच सामने. एप्रिल २०२५मध्ये तो तिथे बुधवारी ९ तारखेला पहिला सामना खेळला आणि रविवारी १३ला पाचवा. पाच दिवस, पाच सामने. रोम आता ९६ खेळाडूंची, ३२ जणांना बाय, विजेत्याला सहा सामने. तिथे तो ९, ११, १३, १४, १६ आणि १८ मे रोजी खेळला. दहा दिवस, सहा सामने. एक सामना वाढला, मुक्काम दुप्पट झाला.

मधल्या चार दिवसांना सुट्टी म्हणायचं की नाही, हाच वाद आहे. आयोजक म्हणतात, शरीराला आराम मिळतो. खेळाडू म्हणतात, त्या दिवशीही सराव, स्ट्रिंगिंग, फिजिओ, पत्रकार, प्रायोजक आहेतच. घरी तर जाता येत नाही. आमच्या मते दोघेही बरोबर आहेत, पण मोसमाच्या लांबीचा हिशेब करताना खेळाडूंची बाजू जड पडते. एकेका आठवड्याच्या दोन स्पर्धा आटोपल्या की पूर्वी पूर्ण आठवडा मोकळा मिळू शकायचा, तो आता सुट्या दिवसांच्या चिल्लरीत मोडला गेला. मार्च महिना इंडियन वेल्स आणि मायामी यांनीच खाल्लेला असतो. २०२५पासून कॅनडा आणि सिनसिनाटीही १२ दिवसांच्या झाल्या. टोरांटोत सिनर, अल्कराझ, जोकोविच, ड्रेपर कोणीच आले नाहीत, आणि टोरांटोचा अंतिम सामना झाला त्याच ७ ऑगस्टला सिनसिनाटीचा मुख्य ड्रॉ सुरू झाला. नऊपैकी सात मास्टर्स आता अशा लांब आहेत. एका आठवड्यात आटोपणाऱ्या उरल्या माँटे कार्लो आणि पॅरिस.

एक मात्र मजकुराच्या विरुद्ध जातं : दुखापतीचा सरळ संबंध सक्तीच्या स्पर्धेशी लावता येत नाही. अल्कराझ माद्रिदला मुकला तो बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात मांडी दुखावल्यानंतर. माँटे कार्लो आणि बार्सिलोना मिळून १२ दिवसांत त्याचे १० सामने झाले होते. यातली माँटे कार्लो सक्तीची नाही, आणि ५०० दर्जाच्या स्पर्धा ठरावीक संख्येने खेळाव्या लागतात, तरी नेमकी कोणती ते खेळाडू निवडतो. ऑक्टोबरात रियाधला आणि डिसेंबरात अमेरिकेत झालेले प्रदर्शनीय सामने तर एटीपीच्या वेळापत्रकात नव्हतेच.

तारखा कोण ठरवतं, हा मुद्दा थोडक्यात. चार ग्रँडस्लॅम एटीपीच्या नाहीत. मेलबर्नची टेनिस ऑस्ट्रेलियाची, पॅरिसची फ्रेंच महासंघाची, विम्बल्डन ऑल इंग्लंड क्लबची, न्यूयॉर्कची अमेरिकी संघटनेची. डेव्हिस कप आयटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा. ते आपापल्या तारखा ठरवतात, उरलेल्या फटींत एटीपी आपल्या स्पर्धा बसवते. ऑस्ट्रेलियन ओपन डिसेंबरातून जानेवारीत नेली तेव्हा १९८६ साली ती झालीच नाही. विम्बल्डनने २०१५मध्ये स्वतःला आठवडाभर पुढे ढकललं, म्हणून फ्रेंच ओपननंतर गवतावर जुळवून घ्यायला दोनऐवजी तीन आठवडे मिळू लागले. २०२५ची फायनल्स १६ नोव्हेंबरला संपली, पण डेव्हिस कप २३पर्यंत चालला आणि २ जानेवारीला युनायटेड कप ही सांघिक स्पर्धा सुरू. मधले आठवडे मोजून घ्या.

याचा अर्थ एटीपी धुतल्या तांदळासारखी आहे असा नाही. मास्टर्स लांबवल्या त्या तिनेच, आणि लवकरात लवकर २०२८पासून सौदी अरेबियात दहावी मास्टर्स आणायचं ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं तेही तिनेच. ती सक्तीची नसेल, एवढीच काय ती सूट. पण एटीपीच्या मंडळावर निम्मे प्रतिनिधी खेळाडूंचे आणि निम्मे स्पर्धा-मालकांचे असतात. एखादा आठवडा काढायचा म्हणजे कोणाचा तरी विकत घेतलेला, स्पर्धा भरवायचा परवाना काढायचा, आणि तिथे गाडी अडते.

परवान्याची ही गोष्ट कळली की पुण्याचं कोडंही सुटतं. एटीपी २५० स्पर्धा शहराची किंवा राज्याची नसते. चेन्नईत १९९७ ते २०१७ जी स्पर्धा झाली, तीच २०१८मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला आली. परवाना आयएमजी कंपनीचा, आयोजन महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेचं. पाच वेळा झाली : २०१८, २०१९, २०२०, २०२२, २०२३. विजेते सिमॉन, अँडरसन, वेसेली, सौसा, ग्रीकस्पूर. २०२४मध्ये जानेवारीच्या त्याच पहिल्या आठवड्यात हाँगकाँगची स्पर्धा वेळापत्रकात आली.

अडचण गॅलरीपेक्षा आठवड्याची होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बडा खेळाडू मेलबर्नच्या जवळ, तशाच हवेत, तशाच कोर्टवर खेळणं पसंत करतो. २०२०मध्ये ऑस्ट्रेलियात एटीपी कप ही सांघिक स्पर्धा आली आणि पुण्याला फेब्रुवारीत जावं लागलं, तेव्हा तर ऑस्ट्रेलियन ओपन संपून सगळे पांगलेले. २८ जणांच्या ड्रॉमध्ये विजेत्याला २५० गुण. त्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाहून कोण येणार? २०१९च्या अंतिम सामन्यात अँडरसन आणि कार्लोविच तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत लढले, टेनिस कमअस्सल नव्हतं. तारीख वाईट होती.

बालेवाडीला त्यानंतर फेब्रुवारी २०२४मध्ये चॅलेंजर (मुख्य टूरच्या खालच्या पायरीची) स्पर्धा झाली, मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली. ऑक्टोबर २०२५मध्ये तोच वाशेरो, क्रमवारीत २०४वा, शांघायला पात्रता फेरीच्या राखीव यादीतून आत आला आणि पात्रतेचे दोन, मुख्य ड्रॉचे सात असे नऊ सामने जिंकून मास्टर्सचा विजेता झाला. वाटेत त्याने हरवलेल्यांत जोकोविच होता, आणि पुण्याचा शेवटचा विजेता ग्रीकस्पूरही.