आगळ, आतडे आणि 'झोपलेली' जनुके: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पाऊस तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. रोज उपाशीपोटी कोकमाचे आगळ (मिठात मुरवलेला रस) घेतल्यास आतड्याच्या पेशींतील 'झोपलेली' प्रतिकारजनुके जागी होतात, सायटोकाइन प्रथिने (पेशींचे एकमेकींना दाहाचे व बचावाचे निरोप) भरपूर तयार होतात, हा बदल कायम टिकतो, कोकमातील गार्सिनॉल या पदार्थामुळे हे घडते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे आणि जुलाब झाल्यास दुसरे काही लागत नाही, असे त्यात म्हटलेले असते.

ही जनुके झोपलेली आहेत, हेच मुळात चुकीचे आहे. त्यांतील काही, उदाहरणार्थ इंटरल्यूकिन-18 या सायटोकाइनचे जनुक, निरोगी आतड्यातही चालू असतात. इतर अनेक जाणीवपूर्वक म्हणावे इतक्या काटेकोरपणे आवरून धरलेली असतात. आतड्याचे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे आणि पलीकडे असंख्य जिवाणू, अशा ठिकाणी प्रत्येक स्पर्शाला दाह उसळला तर अस्तरच उरणार नाही. म्हणून जिवाणूंच्या शेपटीतील फ्लॅजेलिन ओळखणारा टीएलआर-5 हा ग्राही (इशारा टिपणारे प्रथिन) मुख्यतः पेशीच्या रक्तवाहिन्यांकडच्या बाजूला असतो. साल्मोनेलासारख्या जिवाणूचे फ्लॅजेलिन अस्तर ओलांडून तिथवर पोहोचले, की जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कॅप्पा-बी या प्रथिनाला अडवून धरणारे आय-कॅप्पा-बी हे प्रथिन नष्ट केले जाते, एनएफ-कॅप्पा-बी केंद्रकात शिरते आणि इंटरल्यूकिन-8 या सायटोकाइनचे जनुक चालू होऊन पांढऱ्या पेशींना बोलावणे जाते. विशेष म्हणजे तेच एनएफ-कॅप्पा-बी आय-कॅप्पा-बीचे जनुकही चालू करते, म्हणजे इशारा देतानाच तो थांबवण्याची सोय होते.

'भरपूर' सायटोकाइन ही तर इष्ट गोष्टच नव्हे. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात टीएनएफ हे सायटोकाइन अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब औषध 1998 पासून वापरले जाते. उलट, 2007 मध्ये उंदरांच्या आतड्याच्या अस्तरपेशींतील एनएफ-कॅप्पा-बीचा मार्ग बंद केल्यावर त्यांनाही तीव्र कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) झाला. जास्तही घातक आणि शून्यही घातक.

कायमपणाविषयी एवढेच, की या अस्तरातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात.

गार्सिनॉलचा उल्लेख मात्र खऱ्या संशोधनावर बेतलेला आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. कोकमाच्या सालीतील हा पदार्थ पी-300 आणि पीकॅफ या विकरांना रोखतो, असे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले. ही विकरे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल हे छोटे रासायनिक गट चढवून जनुकांचे वाचन सुकर करतात. त्यांना रोखल्यास अनेक जनुकांचे काम मंदावते, म्हणजे संदेशात म्हटले आहे त्याच्या नेमके उलट. शिवाय ते प्रयोग शुद्ध गार्सिनॉल वापरून प्रयोगशाळेतील पेशींवर झाले होते. पाण्यात फारसे न विरघळणारा हा पदार्थ मिठात मुरवलेल्या आगळात किती उतरेल, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेलाच दिसत नाही.

संदेशातील शेवटचा दावा, म्हणजे जुलाबात दुसरे काही लागत नाही हा, सर्वांत धोकादायक आहे. आमच्या जेवणात सोलकढी हवीच, पण आगळात मिठाचे प्रमाण मोठे असते आणि ते घरागणिक बदलते. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाला ठरावीक प्रमाणातील मीठ आणि ग्लुकोज असलेले ओआरएस लागते. ते आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मिळते, आणि मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते.