गूगलवर दिसलं नाही, म्हणजे नाहीच?

एक मजकूर सध्या फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: माहिती शोधून देणं हा एके काळी धंदा होता, कारण तेव्हा यंत्रणा अवघड होत्या. आता सगळं नेटवर आहे, कुणालाही शोधता येतं, तेही फुकट, आणि उरलंसुरलं एआय थेट उत्तर करून हातात ठेवतं. तेव्हा या मंडळींनी टाइपरायटरवाल्यांच्या शेजारी जाऊन बसावं.

मी याच धंद्यात आहे. पेटंट आणि वैद्यकीय साहित्याचे सर्च करते. त्यामुळे पुढचं सगळं आपमतलबी समजून वाचलंत तरी चालेल.

‘यंत्रणा अवघड होत्या, म्हणून हे लोक होते’

हे बरंचसं खरं आहे. फोनच्या तारेवरून दूरच्या डेटाबेसमध्ये शोध घेऊ देणारी डायलॉग ही सेवा 1972 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. तिथे जोडणीच्या वेळेचे पैसे पडत आणि आज्ञा पाठ असाव्या लागत. म्हणून जुने लोक आधी कागदावर पूर्ण शोध मांडायचे, शब्द खोडायचे, पुन्हा लिहायचे आणि मगच फोन जोडायचे. मीटर चालू असताना विचार करणं परवडत नसे. 1997 मध्ये वैद्यकीय लेख शोधण्याचं पबमेड सगळ्यांना मोफत खुलं झालं, पुढच्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली, आणि केवळ आज्ञा येतात म्हणून मध्ये बसलेला माणूस बाजूला झाला. झाला ते बरंच झालं. 1909 मध्ये स्थापन झालेल्या, आमच्यासारख्या माहिती शोधणाऱ्यांच्या आणि खास विषयांच्या ग्रंथपालांच्या स्पेशल लायब्ररीज असोसिएशन या संघटनेनं 2025 मध्ये विसर्जनाची घोषणा केली, हेही लपवण्यात अर्थ नाही. सोपे प्रश्न आमच्याकडे आता येतच नाहीत.

इथवर मजकूर लिहिणाऱ्याचं आणि माझं जमतं.

‘सगळं नेटवर आहे’

2001 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका अभ्यासात हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं गेलं आणि 24 वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. संशोधकानं आधी पबमेड पाहिलं होतं. पण त्या वेळी पबमेडमधला शोध 1966 पासून पुढचाच होता, आणि या औषधानं फुफ्फुसाला होणाऱ्या इजेचे लेख होते 1950 च्या दशकातले. ते कुठे दडवलेले नव्हते. ग्रंथालयांच्या कपाटात, छापील सूचींमध्ये होते.

डेटाबेस उघडला की आम्ही पहिल्यांदा तो कोणत्या वर्षापासून सुरू होतो, कोणत्या भाषा घेतो, काय वगळतो, हे बघतो. शोधाच्या चौकटीवर हे लिहिलेलं नसतं. आणि नेटवर आलेलं नेटवर राहतं, असंही नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती.

‘कुणालाही शोधता येतं’

खरा मतभेद इथे आहे, म्हणून जरा थांबते.

1985 मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मेरन यांनी एका मोठ्या खटल्याच्या कागदपत्रांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 40,000 दस्तऐवज, साडेतीन लाखांच्या आसपास पानं, सगळा मजकूर संगणकात, हवा तो शब्द टाकून शोधा. वकिलांची अट होती की खटल्याशी संबंधित कागदांपैकी निदान 75 टक्के हाती यायला हवेत. शोध घेणारे त्यांचे सहायक त्या यंत्रणेत तरबेज होते. वकिलांचं समाधान होईपर्यंत शोध पुन्हा पुन्हा घेतला गेला. मग संशोधकांनी न सापडलेल्यांतले कागद नमुन्यादाखल काढून तपासले. प्रत्यक्षात हाती आले होते सरासरी 20 टक्के.

वकील काही बावळट नव्हते. शोधायचा होता एक अपघात. पण ज्यांच्यावर ठपका येणार होता, त्यांच्या पत्रांत ‘अपघात’ हा शब्द कशाला येईल? त्यांनी लिहिलं होतं ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘अडचण’. माणूस स्वतःच्या शब्दांत शोधतो आणि कागद दुसऱ्याच्या शब्दांत लिहिलेला असतो. त्यातून जे सुटतं ते सुटलं हे कळायला काही मार्गच नसतो, कारण पडद्यावर आलेलं सगळं कामाचंच दिसतं. म्हणूनच वकिलांचं समाधान झालं होतं.

तो पडदा आता गूगलचा आहे, एवढाच फरक. रोजच्या कामाला त्यानं काही बिघडत नाही. एक चांगलं उत्तर हवं असतं, ते मिळालं की शोध संपतो. पण नव्या शोधाचं पेटंट घ्यायला निघालेल्याला एक चांगलं उत्तर नको असतं. ‘असं आधी कुणी केलेलं नाही ना?’ हा त्याचा प्रश्न असतो, आणि पेटंट लिहिणारे तर मुद्दामच ऐसपैस भाषा वापरतात. साधा चेंडू तिथे ‘गोलाकार मनोरंजन साधन’ होऊन बसलेला असू शकतो. अशा वेळी शब्द सोडून, पेटंटांना विषयवार दिलेल्या वर्गीकरणाच्या संकेतांकांवरून जावं लागतं. वैद्यकीय साहित्यात कुणी ‘हार्ट अटॅक’ लिहितं, कुणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. पबमेडच्या मुळाशी असलेल्या मेडलाइन या डेटाबेसमध्ये अनुक्रमणिका करणारी यंत्रणा दोन्ही लेख एकाच विषयशीर्षकाखाली आणते, पण ते शीर्षक आहे हे ठाऊक असलं तरच त्याचा उपयोग. शिवाय हातात आधीच असलेले पाच-सहा पक्के लेख आमचा शोध पकडतो का, हे बघायचं. नाही पकडले तर शोध चुकला, पुन्हा मांडायचा. मग त्या लेखांनी कुणाला उद्धृत केलं आणि त्यांना पुढे कुणी केलं, असं दोन्ही दिशांनी चालत जायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

‘फुकट आहे’

काही आहे, पुष्कळ नाही. पण याहून मजेदार प्रश्न मला एका क्लायंटनं विचारला होता: ‘तुम्हाला काहीच सापडलं नाही, मग बिल कशाचं?’ काही न सापडण्याचंच. आठ डेटाबेस, तारखा, वापरलेला प्रत्येक शब्द असा तो अहवाल होता. त्याच्या भरवशावर ते पुढे मोठी रक्कम गुंतवणार होते.

‘एआय थेट उत्तर देतं’

देतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले निवाडे सादर केले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. 5,000 डॉलर दंड झाला. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. वकिलानं त्याच यंत्राला विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत का. यंत्र म्हणालं, हो, वेस्टलॉ आणि लेक्सिसनेक्सिस या कायद्याच्या डेटाबेसांवर मिळतील. तिथे जाऊन बघितलं असतं तर?

माझं एआयशी वैर नाही. समानार्थी शब्द काढायला, परभाषेतलं पेटंट पहिल्यांदा चाळायला, हजारो सारांशांतले उघड बिनकामाचे बाजूला सारायला मी ते रोज वापरते. आता ही साधनं स्वतः नेटवर शोधून दुवेही देतात. पण कुठे पाहिलं नाही, हे ती आपणहून क्वचितच सांगतात, आणि तोच प्रश्न उद्या विचारला तर यादी बदलते. उपचारांचे पुरावे एकत्र करणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांत हे चालत नाही. तिथे कोणता डेटाबेस, कोणत्या तारखेला, कोणत्या ओळी टाकून शोधला, ते जसंच्या तसं छापावं अशी अपेक्षा असते. त्यासाठी 2021 पासून प्रिझ्मा-एस नावाची स्वतंत्र नियमावली आहे. एका सर्चरचा शोध दुसऱ्यानं तपासण्याची पद्धतही रूढ होते आहे. नेट आल्यावर धंदा गेला म्हणतात, पण यातलं बरंचसं काम नेट आल्यानंतरच वाढलं.

मला ‘खास तुझ्यासाठी’ लिहून मजकूर पाठवणाऱ्या दोघांपैकी एकानं गेल्या आठवड्यात एआयनं दिलेली संदर्भयादी पाठवली आहे, ‘जरा नजर टाकशील का’ म्हणून. सतरा संदर्भ आहेत. चौदा सापडले, त्यातल्या दोन संदर्भांची वर्षं चुकीची. उरलेले तीन मुळात नाहीतच असं मला वाटतं, पण तसं लिहून देण्याआधी अजून दोन डेटाबेस बघायचे राहिलेत.