देवळाच्या खांबाला चिकटपट्टी लावणाऱ्यांनो

आज सकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर गेले होते. रविवारी जातेच. घाटावर एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं इकडून तिकडे पळत होती. ट्रेझर हंट चालू होता, कोडी सोडवत एकेक ठिकाण शोधायचा खेळ. मला एकदम आनंद झाला! ज्यांनी माझ्यासोबत असले हंट खेळलेत त्यांना माहितीये, माझा जीव आहे या खेळात. मग पाहिलं तर घाटावरच्या एका जुन्या देवळाच्या दगडी खांबाला, नक्षीच्या बरोबर मधोमध, क्यूआर कोडचा कागद. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ती जाड फोमची पट्टी असते ना, तिने चिकटवलेला. पोरं यायची, मोबाइल धरायची, टिंग वाजलं की पळायची. खांबाकडे एकानेही मान वर करून बघितलं नाही.

टीम गेल्यावर मी कागद काढला. कागद निघाला, पट्टी राहिली. नखाने खरवडायला गेले तर पट्टीबरोबर दगडाचा भुगा बोटाला लागला. तिथेच हात थांबवला. अडीचशे वर्षं उन्हापावसात, पुरात उभा असलेला दगड आहे तो, आणि आपण त्याला नोटीस बोर्ड करून टाकलाय.

एका व्हॉलंटिअर मुलीकडे क्लूची यादी मागितली. बिचारीने दाखवली. नऊ चेकपॉइंट, त्यातली सहा दुकानं. दुकानात जा, फोटो काढा, टॅग करा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी काय, तर 'मारुतीसोबत सेल्फी'. अरे, पावसाळ्यात अख्खं नाशिक ज्या मारुतीवर पूर मोजतं, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला लागलं असं एकमेकांना फोन करून सांगतं, त्याच्यावर एक कोडं सुचू नये तुम्हाला? पुढे कपालेश्वर आहे, जिथे शंकरासमोर नंदीच नाही. क्लू म्हणून आयता समोर वाढलेला. तोही यादीत नाही.

आमचा हंट आठवला. माझ्या जवळच्या लोकांनी ही गोष्ट दहा वेळा ऐकली असेल, अकराव्यांदा ऐका.

आम्ही चौघं होतो. मी, माझा भाचा, ऑफिसातली मैत्रीण (ती नागपूरची, लग्न होऊन नाशिकला आलेली) आणि आमच्या सोसायटीतले एक काका. चौथा क्लू असा होता:

वर्षभर जिच्या अंगावरून गाड्या जातात,
एका दिवशी तिच्यात माणसं उड्या घेतात.
माझी बहीण गुलाबी, मी पिवळी,
ओळखा मला, शोधा माझी आळी.

काका लगेच म्हणाले, रहाड! रंगपंचमीची रहाड. पेशव्यांच्या काळापासूनचे हे जमिनीतले रंगाचे हौद, एरवी बुजवून वरून रस्ता वाहता असतो. पण पिवळी कुठली? काका सिडकोतले, मी कॉलेज रोडची, गावातल्या रहाडींचे रंग आम्हाला कुठे माहीत? गल्ल्यांमधून फिरत एका वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं. त्या गवार निवडत होत्या. मानसुद्धा वर न करता म्हणाल्या, "पिवळी म्हणजे तिवंध्याची. शनि चौकातली गुलाबी." आणि मग मान वर करून, "बसा की जरा, कुठं आग लागलीये?"

बसलो. तांब्याभांडं आलं, गूळ आला. आजींनी सांगितलं की त्यांचा थोरला भाऊ रहाडीत असा धप्पा, म्हणजे धपकन उडी, मारायचा की समोरच्या माडीच्या खिडकीपर्यंत रंग उडायचा. सांगताना गवारीची शेंग हातात तशीच धरलेली, अर्धी मोडलेली. माझी मैत्रीण डोळे मोठे करून ऐकत होती. धप्पा हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. निघताना आजी म्हणाल्या, "रहाड उघडेल तेव्हा या. आत्ता काय बघणार, माती?"

तिवंधा चौकात पोचलो तर चेकपॉइंटवरच्या मुलाने विचारलं, रहाड कशाने झाकतात? लाकडाच्या फळ्या आणि वर माती, भाच्याने धाडकन सांगितलं. कारण आजींनी सांगितलं होतं. क्लू बनवणाऱ्याने कोडं असं रचलं होतं की गावातल्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार आहे.

आम्ही वीस मिनिटांनी हरलो. ती वीस मिनिटं ओट्यावर गेली. मला त्याचं आजही काडीचं दुःख नाही.

मान्य आहे, स्पॉन्सरशिवाय कार्यक्रम होत नाही. टी-शर्ट, पाणी, बक्षिसं, पैसा लागतो. आणि आजकाल रहाडीचे रंग मोबाइलवरही सापडतील, हेही मान्य. पण मग तसा क्लू नका ना देऊ! जागेवर न जाता, कुणाशी न बोलता जे सुटतं ते कोडं घरी सोफ्यावर बसून सोडवा. त्यासाठी भद्रकालीच्या भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून भरधाव गाड्या कशाला घालता? आज एका मावशींची मेथीची जुडी चाकाखाली गेली. पोरगं सॉरीसुद्धा म्हणालं नाही. त्याला 'टाइम' गाठायचा होता.

अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९८१ पासून दर जानेवारीत मिस्टरी हंट होतो. शेकडो लोक दोन-तीन दिवस झोप सोडून कोडी सोडवतात, शेवटी लपवलेलं नाणं शोधायचं. जिंकणाऱ्या टीमला काय मिळतं? पुढच्या वर्षीचा हंट रचायची जबाबदारी. वर्षभराची मेहनत हेच बक्षीस! मला हे फार आवडतं. ज्याला पुढचा हंट स्वतः रचायचाय तो आजच डोळे उघडे ठेवून फिरेल, ओट्यावर बसेल, खांबाकडे बघेल. आपल्याकडेही असं करा. गिफ्ट व्हाउचर ठेवा तुमच्याकडेच.

आजच्या पोरांवर माझा राग नाहीये. लिहितालिहिता जाणवलं. ती पळायला तयार होती, सकाळी सहाला उठून आली होती. त्या व्हॉलंटिअर मुलीला मी रहाडीचा क्लू म्हणून दाखवला, तर ती यादी बाजूला ठेवून विचार करायला लागली. "थांबा काकू, सांगू नका" म्हणाली. दोन मिनिटांनी तिचा चेहरा असा उजळला ना! तिला पळायला, शोधायला काहीतरी खरं द्यायला हवं होतं, एवढंच.

ती पट्टी अजून खांबावर आहे. उद्या सकाळी सातला कोमट पाणी आणि जुनं सुती कापड घेऊन जातेय, दगडाला धक्का न लावता हळूहळू सुटते का बघायला. नाहीच सुटली तर जाणकाराला विचारू. ती मुलगी येते म्हणालीये. अजून कुणी येणार असेल तर खाली लिहा, पण चालत या.