धंदा करायचाय? मग आधी त्याच धंद्यात नोकरी धरा

आपल्या सांगलीत हल्ली पोरगा नोकरीला लागला की मित्रच त्याला टोमणे मारतात. 'दुसऱ्याची गुलामी कशाला, स्वतःचं काहीतरी टाक की.' मोबाईलवर दिवसभर तसलीच रील्स. (हीच मंडळी बहिणीला स्थळ बघताना आधी विचारतात, पुण्यात कंपनीत आहे का?) मी लोकांची हिशेबाची कामं करतो, रिटर्न भरून देतो. नोकरदार काय नि धंदेवाला काय, दोघांचीही झाकली मूठ माझ्या टेबलावर उघडते. म्हणून स्पष्टच लिहितो. धंदा करायचा असेल तर आधी त्याच धंद्यात कुणाकडे तरी पगारावर राहा.

हे मी नवीन सांगत नाही. विटा, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी बघा. दुष्काळानं गाव सोडायला लावलं, आणि आज देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायला आपली माणसं बसलेली दिसतात. पण पहिल्याच दिवशी दुकान कुणी थाटलं? पोरगं मामाच्या नाहीतर गाववाल्याच्या दुकानात जाणार, भट्टी सांभाळणार, ॲसिडचं काम शिकणार. कुठला सराफ वेळेवर पैसे देतो आणि कुठला नुसता फिरवतो, हेही तिथंच कळणार. मग दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण भाषणात हमखास येतं, पण अर्धंच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. नोकरीत असतानाच तिथून सायकली बेळगावला पाठवायचे, भाऊ तिकडं विकायचे. बढती डावलली तेव्हा राजीनामा दिला, पण तोवर बेळगावचं दुकान चालू होतं. औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला तो १९१० साली, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. वक्ते माळावरून सुरुवात करतात. मधली वर्षं सांगायला कुणाला वेळ नसतो.

आता पैशाचं. माझ्याकडं येणारी बहुतेक पोरं धंद्याआधी सबसिडी विचारतात. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के, शहरात १५. ऐकायला गोड आहे. पण ती रक्कम हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेतच अडकून राहते, युनिट चालू दिसलं तर कर्जात वळती होते. शिवाय प्रकल्पाचे १० टक्के तुम्ही घालायचे. शेड उभी राहते, मशीन येतं, आणि खेळत्या भांडवलाला खिसा रिकामा.

कुपवाड एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या कुणालाही विचारा. काम करून माल आज पार्टीकडं गेला, पैसे तीन महिन्यांनी. जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात भरायचाच, पार्टीनं दिलेले असोत वा नसोत. २००६ चा कायदा सांगतो, लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर चक्रवाढ व्याज. पण तक्रार करणार कोण? केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला.

तेव्हा 'माझ्यात धाडस आहे का' हा प्रश्न सोडा. उधारी थकली तर सहा-आठ महिने घर कशावर चालणार, ते आधी सांगा. बायकोचा पगार, वडिलांची पेन्शन, उसाचं बिल, काहीतरी मागं लागतं. मी बघितलेल्या बहुतेक 'शून्यातून उभ्या राहिलेल्या' माणसांच्या खात्यात यातलं एक तरी होतं. स्टेजवर ते सांगत नाहीत, एवढंच.

नोकरीत माणूस मुरतो, मग निघत नाही, हेही खरं. पण त्याला पगारापेक्षा हप्ते जबाबदार. पहिल्या पगारावर चारचाकी, दुसऱ्या वर्षी फ्लॅट, मग धंद्याचं नाव कसलं काढतोय! धंदा डोक्यात असेल तर तोवर बुलेटवरच फिरा. बुलेटही जुनी घ्या.

आणि नोकरीत नुसते मशीनवर उभे राहू नका. खरेदी बघा, बिलं बघा, वसुलीला साहेबांबरोबर जा. कुपवाड, मिरज, पलूसकडं एखाद्या मालकाची पोरांना हेही दाखवायची तयारी असेल तर मला कळवा. पगार बेताचा असला तरी चालेल, पोरं मी पाठवतो.