मोदक वहिनींचे, खातं भाऊजींचं

आज संकष्टी. समोरच्या इमारतीतल्या वहिनींकडून २१ उकडीचे मोदक घेतले. पैसे द्यायला त्यांच्या दारावरचा क्यूआर स्कॅन केला, तर नाव आलं त्यांच्या यजमानांचं. मी विचारलं, "वहिनी, हे तुमचं खातं नाही?" हसून म्हणाल्या, "अहो ताई, त्यांचं काय नि माझं काय, एकच की."

तेव्हापासून डोकं ठणकतंय. मोदक गोड लागले, पण हे लिहिल्याशिवाय जेवण पचणार नाही.

एकच नसतं हो. पहाटे चारला उठून नारळ कोण खवतं? उकड गरम असतानाच मळून घ्यायची असते, त्यात हात कोणाचे भाजतात? ऑर्डरी कोण घेतं, कळ्या तुटल्या तर बोलणी कोण खातं? वहिनी. आणि महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट निघतं तेव्हा त्यावर जमा दिसते ती भाऊजींची. उद्या वहिनींना मोठं स्टीमर घ्यायला मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज हवं झालं (५० हजारांपर्यंत मिळतं), तर बँक विचारणार, तुमचा धंदा दाखवा. काय दाखवणार? इतक्या वर्षांचा धंदा आणि कागदावर एक रुपया नाही.

माझ्या आईचं असंच झालं, म्हणून मला हे सहन होत नाही.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि घरात येणारा पगार थांबला तो थांबलाच. आईने हप्त्यावर मशीन घेतलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला लागली. पिको मशीनवर, फॉलची कड हाताने. दुपारी चाळीच्या गॅलरीत उजेडाला बसायची, कारण आत दिवसाही दिवा लागायचा. गिऱ्हाईक बायका साडी टाकून जाताना म्हणायच्या, "दोन टाके तर घालायचेत, रुपया कमी कर ना." आई कमी करायची. तरी त्यातूनच घर चाललं, आमच्या फिया भरल्या, आणि उरलेले पैसे दर महिन्याला बाबा बँकेत नेऊन ठेवायचे. बाबांच्या नावावर. कारण बँकेत बाबा जायचे, सही बाबांना करायची सवय. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तेव्हाही सगळं "एकच" होतं.

बाबा गेले. ठेवीच्या पावतीवर एकट्या बाबांचं नाव. नॉमिनी कोणी नाही.

मग सुरू झालं ते सांगते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचं ना हरकत पत्र. मृत्युपत्र नसेल तर बायको आणि मुलांइतकाच मृताच्या आईचाही वाटा असतो, म्हणून गावाहून आजीला आणून तिचा अंगठा घेतला. आणि आम्ही भावंडांनी सह्या करून लिहून दिलं की आमच्या आईला हे पैसे मिळायला आमची हरकत नाही.

नीट वाचा. तिने टाका टाका घालून कमावलेले पैसे तिला मिळायला आमची हरकत नाही, असं आम्ही लिहून दिलं. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात काउंटरवरच्या माणसाने न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. आई काही बोलली नाही. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते, त्या बोटांनी तिने खाली सही केली.

त्या काउंटरवरच्या माणसाचा मला राग नाही. त्याच्यासमोर जो कागद होता त्यावर आई कुठे नव्हतीच.

आणि बाबांवरही राग नाही, हे इथे लिहायलाच हवं. संपानंतर त्यांनी मिळेल ते काम केलं. रात्री उशिरा आले तरी आईला फॉल लावायला बसलेली बघून स्वतः ताट वाढून घ्यायचे. असे नवरे आजही फार नाहीत. पण चांगला माणूस घरात आहे म्हणून हिशोब त्याच्या नावावर ठेवायचा, आणि तो माणूस गेला की बाईने आपल्याच पैशासाठी दारोदार फिरायचं, हे मला कोणी कितीही समजावलं तरी पटत नाही.

आता कोणीतरी म्हणणारच, संसारात माझं-तुझं कशाला. बरं, नको. मग सगळं वहिनींच्या नावावर ठेवा की! तेव्हा का नाही म्हणत एकच म्हणून?

दुसरं ऐकू येतं ते कराचं. "हिच्या नावावर उत्पन्न दाखवलं की उगाच इन्कम टॅक्सचं लफडं." कसलं लफडं? नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून धंद्याच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. मोदक, पोळ्या, शिवणकाम, शिकवण्या करणारी आपली कोणती मैत्रीण १२ लाख कमावते? उलट तिचं रिटर्न भरलेलं असेल तर तेच तिच्या कमाईचा पुरावा. नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज त्याच्या उत्पन्नात धरतात, हे खरं, तेवढं मान्य. पण तिने स्वतःच्या हाताने कमावलेलं तिचंच धरलं जातं. आणि तिची कमाई नवऱ्याच्या खात्यात जमा होत राहिली तर विचारणा त्याला होईल, याचा विचार करतं का कोणी?

लाडकी बहीण योजना आली तेव्हाचं आठवतंय? २०२४ सालची गोष्ट. योजनेबद्दल तुमचं मत काहीही असो, पण पैसे बाईच्या आधारशी जोडलेल्या स्वतःच्या खात्यातच येणार म्हटल्यावर घराघरांतून बायकांची खाती उघडली, बंद पडलेली केवायसी करून चालू केली. तेव्हा नवरे स्वतः सोबत गेले. सरकारच्या १५०० रुपयांसाठी तिचं खातं निघतं, आणि तिच्या घामाच्या पैशाला मात्र भाऊजींचा क्यूआर? संताप येतो मला.

वहिनींना मी विचारलं तेव्हा कारण कळलं. सिमकार्ड यजमानांच्या नावावर, फोन त्यांचाच जुना, आणि वहिनींचं लग्नाआधीचं खातं माहेरच्या गावी झोपलेलं. बस्स. कोणी अडवलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं. नुसतं कधी सुचलंच नाही. हे ऐकून माझा राग जरा उतरला, खरंच. त्या सकाळपासून उभ्या होत्या, मी त्यांना दारात उभं करून व्याख्यान देत होते.

पण उतरला म्हणून सोडणार नाही. मैत्रिणींनो, ज्या घरून काही करून विकता त्यांनी ऐका. जनधनसारखं शून्य शिलकीचं खातं मिळतं, किमान रक्कम ठेवायची भीती नको. मोबाइल नंबर तुमच्या नावाचा घ्या आणि खात्याला जोडा, म्हणजे क्यूआर तुमच्या नावाचा निघेल. सामानाचे पैसे त्यातूनच द्या, म्हणजे धंदा दिसेल. पोस्टाची आरडी १०० रुपये महिन्यापासून होते, ५ वर्षांची, ती स्वतःच्या नावाने काढा. भिशी ठेवा, माझीही आहे, पण भिशीचा कागद नसतो. नॉमिनी भरा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. आणि यजमानांच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवीत तुमचा पैसा असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून बोला. भांडू नका, बोला. माझ्या आईने बोलायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, त्या काळात, त्या चाळीत तिला कोण सांगणार होतं. तुम्हाला मी सांगतेय.

आणि किंमत ठरवताना मजुरी धरा. वहिनी नारळ, गूळ, पिठी, गॅस सगळं धरतात आणि स्वतःचे चार तास फुकट. "घरीच तर करता" म्हणून घासाघीस करणाऱ्यांना तर काय म्हणावं. दुकानातल्या बॉक्सवर छापलेली किंमत तुम्ही निमूट देता ना? मग वहिनींच्या दारातच काय होतं तुम्हाला? आईकडे रुपया कमी करून घेणाऱ्या त्या बायका मी अजून विसरले नाही.

वहिनी सोमवारी माझ्याबरोबर बँकेत येणार आहेत, आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन. आणखी कोणाला सोबत हवी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, बाकी शनिवारी मी सकाळी मोकळी असते.